पडलेल्या किल्ल्याची पाटी

अचलपूर किंवा अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेताच्या धुऱ्यावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की गाविलगडाच्या डोंगरांची निळसर रांग दिसते. ढग कुठे अडले आहेत, थंडी केव्हा खाली उतरणार, याचे अंदाज आमच्याकडे त्या रांगेकडे पाहूनच बांधले जातात. ज्या किल्ल्यामुळे त्या रांगेला हे नाव मिळाले, त्या किल्ल्यात १५ डिसेंबर १८०३ रोजी काय घडले हे मात्र पायथ्याच्या गावांत क्वचितच कोणी सांगू शकेल. चिखलदऱ्याला सहलीला जाणारी मुले भीमकुंड पाहतात, पंचबोल पॉइंटवर ओरडून स्वतःच्याच आवाजाचे पडसाद ऐकतात आणि वेळ उरला तर किल्ल्याच्या दरवाजाशी छायाचित्रे काढून परत फिरतात. त्यात मुलांचा दोष नाही. त्यांना सांगण्यासारखे काही तिथे आहे, हे त्यांना घेऊन जाणाऱ्या आम्हा शिक्षकांनाच कोणी सांगितलेले नसते.

खरे पाहता वऱ्हाडाचे भवितव्य ज्या एका महिन्यात ठरले, त्या महिन्यातल्या सगळ्या जागा आमच्या एसटीच्या पाट्यांवर रोज दिसतात. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावजवळ नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याकडून मोडल्या गेल्या. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या वतीने देवगावचा तह झाला आणि कटक, बालासोर व वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. ३० डिसेंबरला, आज पानमळ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अंजनगाव सुर्जीत, दौलतराव शिंद्यांनीही तह केला. असईची लढाई त्याच वर्षी २३ सप्टेंबरला झाली होती आणि तिचे नाव शाळेच्या पुस्तकामुळे आम्हाला निदान ओळखीचे आहे. पण असईत जे सुरू झाले ते जिथे संपले, त्या आमच्या गावांची नावे पुस्तकातही नाहीत आणि रस्त्याच्या कडेच्या फलकांवरही नाहीत.

मला इथे मांडायचे आहे ते एवढेच की, हरलेल्या शिबंदीची, म्हणजे किल्ला राखणाऱ्या सैन्याची, आठवण राखणे हे सार्वजनिक काम आहे, ते शासनाचे जेवढे तेवढेच पायथ्याच्या गावांचेही आहे, आणि ते करायचे असेल तर किल्ल्यांविषयी आपण जी एक सोपी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत ती आधी सोडावी लागेल. ती गोष्ट फितुरीची आहे.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन गडावर गेलो असताना दरवाजाच्या सावलीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी मुलांसमोर विचारले होते की एवढा मोठा किल्ला पडला कसा. ते म्हणाले, ‘फितुरीनंच गेला थो. नायतं कोनाच्या बापाले भेटला नसता.’ मुले खूश झाली, कारण उत्तर छोटे होते आणि त्यात खलनायक होता. फितुरीची कथा आपल्याला आवडते, कारण तिच्यात आपले सामर्थ्य अबाधित राहते. आपण हरलो नाही, कोणीतरी आपल्याला विकले, असे म्हणता येते. मराठ्यांच्या इतिहासात फितुरीने गेलेले किल्ले आहेतच, ते नाकारण्याचे कारण नाही. गाविलगड मात्र तसा गेला नाही, आणि तो कसा गेला हे नीट समजून घेतले तर फितुरीच्या कथेपेक्षा कितीतरी अधिक शिकण्यासारखे हाती लागते.

किल्ला पाहिलेल्यांना त्याची ठेवण आठवत असेल. दक्षिणेकडे, म्हणजे आमच्या मैदानाकडे, ताशीव कडे आहेत आणि त्या अंगाला बालेकिल्ला आहे. उत्तर व वायव्य बाजूंना बाहेरचा कोट आहे आणि त्याच्याही पुढे, उत्तरेच्या वाटेवर, आणखी एक तट आहे. दक्षिणेकडून चढणारी वाट इतकी उभी की ती केवळ माणसांच्या पायांसाठीच. तिथून तोफ चढवणे अशक्य. वायव्येची वाट किल्ल्याला वळसा घालून येते आणि येणारा बराच वेळ तटावरच्या माऱ्यात राहतो. उरली ती उत्तर बाजू, जिथे डोंगराचे पठार जवळजवळ किल्ल्याच्या उंचीनेच येऊन भिडते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यालगत दुसरा डोंगर असू नये, असलाच तर त्याचा बंदोबस्त करावा, असा इशारा दिलेला आहे. गाविलगड त्या आज्ञापत्राच्या कितीतरी आधीचा, १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहामनीने बांधलेला. आणि ज्या काळी तो बांधला गेला त्या काळी दाट जंगलातून, दऱ्या ओलांडून कोणी जड तोफा उत्तरेच्या पठारावर आणील, ही शंका बांधणाऱ्यांना आली नसेल तर त्यांना बोल लावता येत नाही.

कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली याने नेमके तेच करवून घेतले. ७ डिसेंबरला अचलपूरहून त्याच्या फौजेच्या दोन वाटा झाल्या. तो स्वतः दक्षिणेकडे देवगावच्या बाजूने राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरात शिरून सुमारे तीस मैलांचा वळसा घेतला. तोफा आणि दारूगोळा जवळजवळ पूर्ण वाटभर माणसांनी हातांनी ओढला आणि ज्या रस्त्यावरून तो ओढायचा तो रस्ताही त्यांनी आधी स्वतःच तयार केला. मेळघाटचे नाले आणि चढ ज्याने पायी तुडवले आहेत त्याला या एका वाक्यातले श्रम कळतील. १२ डिसेंबरला ही तुकडी उत्तरेला पोहोचली, त्याच रात्री तोफांचे मोर्चे उभारले गेले, १३ च्या सकाळी तोफा सुरू झाल्या आणि १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटांना आत शिरता येईल अशी खिंडारे पडली. १५ ला सकाळी दहाच्या सुमारास सुलतानढवा, म्हणजे निकराचा हल्ला, झाला. दक्षिण आणि वायव्य दरवाजांकडे दोन तुकड्या पाठवल्या होत्या, त्या मुख्यतः शिबंदीचे लक्ष विभागण्यासाठी. खरा हल्ला उत्तरेच्या खिंडारातून होता.

बाहेरचा कोट गेला तरी किल्ला गेला नव्हता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बालेकिल्ल्याच्या तटाला एकही खिंडार पडलेले नव्हते. दोन्हींच्या मध्ये खोल घळ आहे. ९४ व्या पलटणीतला कॅप्टन कॅम्पबेल आपल्या हलक्या पायदळासह शिड्या घेऊन त्या घळीतून वर चढला, तट ओलांडून आत उतरला आणि त्याने आतून दरवाजा उघडला. दरवाजा आतून उघडला गेला हे खरेच आहे, पण उघडणारे हात शिबंदीचे नव्हते. फितुरीच्या कथेचा उगम कदाचित याच तपशिलात असेल. दरवाजा आतून उघडला एवढे लोकांच्या लक्षात राहिले आणि कोणी उघडला हे गळून पडले. पुढे जे झाले ते लढाईपेक्षा कत्तलच अधिक होते. वायव्य दरवाजातून बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या समोर ७८ वी पलटण उभी होती, मागून आत शिरलेली फौज येत होती, आणि दरवाजांच्या तोंडाशी माणसांचे ढीग पडले. किल्लेदार बेनीसिंग अशाच एका दरवाजापाशी मेलेल्यांत सापडला. वेढा आणि हल्ला मिळून इंग्रजांच्या बाजूची हानी मेलेले व जखमी धरून सव्वाशेच्या आसपास होती. आतले किती मेले हे कोणी मोजले नाही. वेलस्लीच्या पत्रात फार मोठ्या संख्येने माणसे मारली गेली, विशेषतः दरवाजांपाशी, एवढेच येते.

आणि मग दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. त्या तहात गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले, भोवतालच्या चार लाखांच्या उत्पन्नाच्या मुलखासह, भोसल्यांकडेच ठेवण्यात आले. ज्या किल्ल्यासाठी दरवाजांपाशी ढीग पडले तो किल्ला कागदावर दोनच दिवसांत परत मिळाला. मी जेव्हा जेव्हा ही तारखांची जोडी वाचतो, तेव्हा तेव्हा मला वाटते की गडावर फक्त एक पाटी लावायची असेल तर तिच्यावर या दोन तारखा लिहाव्यात.

थोड्या माणसांनी मोठ्या फौजेपुढे किल्ला लढवला की आपण त्याला पराक्रम म्हणतो, आणि तो असतोही. परंतु शिबंदी थोडी होती की पुष्कळ, यावर किल्ल्याचे भवितव्य आपण समजतो तितके अवलंबून नसते. नाशिकजवळच्या रामशेजवर सहाशेच्या आसपास माणसांनी १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक काळ मोगलांना दाद दिली नाही. १६६० मध्ये चाकणच्या भुईकोटात फिरंगोजी नरसाळ्यांनी तीन-साडेतीनशे माणसांनिशी शाहिस्ताखानाच्या प्रचंड फौजेला सुमारे ५५ दिवस झुंजवले आणि बुरूज सुरुंगाने उडाल्यावरच ते ठाणे गेले. गाविलगडात माणसे कमी नव्हती. मूळच्या शिबंदीत अडगावहून मागे आलेल्या पायदळाची भर पडली होती. तरीही तोफा सुरू झाल्यापासून तिसऱ्या दिवशी सगळे संपले. तेव्हा संख्येचा हिशेब इथे लागू पडत नाही, आणि शौर्याचाही पडत नाही, कारण बेनीसिंग आणि त्याच्याजवळचे लोक पळाले नाहीत.

फरक कुठे होता, तर बाहेर. रामशेज लढत होता तेव्हा संभाजी महाराजांच्या फौजा बाहेरून वेढ्याला सतावत होत्या, रसद आत पोहोचवण्याचे प्रयत्न चालू होते आणि वेढा घालणाऱ्यालाही स्वस्थ झोप नव्हती. चाकणने दिलेल्या त्या ५५ दिवसांत पावसाळा अंगावर आला, खानाला तेवढ्यावर थांबावे लागले आणि एक लहान ठाणे घेण्यासाठी एवढे लागते तर डोंगरी किल्ल्यांना किती लागेल हा हिशेब मोगलांना करावा लागला. किल्ला वेळ विकत घेतो. तो वेळ वापरणारे कोणी बाहेर असावे लागते. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगडाबाहेर कोणी नव्हते. भोसल्यांची मैदानी फौज अडगावला मोडली होती. शिंद्यांनी तर त्याच्याही आधी, २३ नोव्हेंबरला, वेलस्लीशी युद्धबंदी केली होती, आणि तरी त्यांचे सैन्य अडगावच्या मैदानात भोसल्यांबरोबर उभे राहिले. ना धड तह, ना धड लढाई. स्टीव्हन्सनच्या तोफा तीस मैल डोंगरातून हातांनी ओढल्या जात असताना त्यांना वाटेत अडवणारी एखादी मोठी तुकडी असती, तर त्या पठारावर किती दिवसांनी पोहोचल्या असत्या, याचा अंदाज कोणीही करावा. आत माणसे, पाण्याचे तलाव, दारूगोळा होता. अबुल फजलच्या काळापासून जवळजवळ अजिंक्य म्हणून नावाजलेला किल्ला होता, ज्याच्यातल्या झऱ्याच्या पाण्याने पोलादी हत्यारांना पाणी चढवतात अशी त्याची कीर्ती होती. फक्त ज्याच्यासाठी वेळ विकत घ्यायचा तो गिऱ्हाईकच बाजारातून उठून गेला होता.

ही मांडणी मुलांना समजत नाही असे म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांना उत्तरेच्या पडलेल्या तटाशी उभे करून पाहावे. तोफ कुठून आली असेल हे आठवीतली मुलगीही हात करून दाखवते. खेड्यातल्या मुलांना चढ, उतार आणि नाला शहरी मुलांपेक्षा लवकर कळतो. फितुरीची गोष्ट ऐकून मूल घरी काय नेते, तर कोणावर तरी संशय. पठाराची गोष्ट ऐकून ते प्रश्न घेऊन जाते.

गाविलगडाच्या विस्मरणाचे दुसरे कारण मला अधिक अवघड वाटते, कारण ते आपल्या आजच्या सवयींत आहे. आपल्याकडे इतिहास वारसांमार्फत जपला जातो. एखाद्या सरदाराचे वंशज असतात, एखाद्या समाजाला तो आपला वाटतो, मग जयंती होते, मिरवणूक निघते, पुतळा उभा राहतो, चौकाला नाव मिळते. गाविलगडाला असा वारस नाही. तो बांधला बहामनी सुलतानाने. तो सजवला वऱ्हाडच्या इमादशाहीने, जिचा संस्थापक फतहुल्ला हा विजयनगरच्या मुलखातून लहानपणी पकडून आणलेला मुलगा होता. आणि म्हणूनच की काय, दिल्ली दरवाजावर विजयनगरशी जोडला जाणारा दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी आजही हत्तींना पकडून बसलेला दिसतो. किल्ला मोगलांकडे गेला, पुढे भोसल्यांकडे आला, भोसल्यांच्या वतीने तो लढवला एका राजपूत किल्लेदाराने, १८२२ च्या तहानंतर तो निजामाकडे गेला आणि १८५८ मध्ये, तात्या टोपे त्याचा आश्रय घेतील या भीतीने, इंग्रजांनी त्याची तटबंदी निकामी केली. एवढ्या लोकांचा असलेला किल्ला कोणाचाच राहत नाही. त्याच्या दरवाजात मेलेल्यांची पोरेबाळे कुठल्या गावात राहिली हे सांगणारा कागद नाही, आणि त्यांच्यासाठी निवेदन घेऊन तहसील कार्यालयात जाणारी संघटनाही नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. त्या यादीत विदर्भातला एकही किल्ला नाही म्हणून आमच्या भागात थोडी कुरकुर झाली. ती मला पटली नाही. ती यादी मराठा राज्याच्या दुर्गरचनेची होती आणि तिचे निकष वेगळे होते. गाविलगड आणि नरनाळा हे मराठ्यांनी बांधलेले नाहीत. उगाच ओढूनताणून त्यांना त्या पंक्तीत बसवण्याचा हट्ट म्हणजे पुन्हा वारस शोधण्याचाच प्रकार झाला. बारा जणांच्या पंगतीत पान मिळाले नाही म्हणून रुसण्यापेक्षा आपल्या घरी चूल पेटवलेली बरी.

या ठिकाणी नागपूरच्या सीताबर्डीची आठवण काढणे भाग आहे, कारण लहान शिबंदी आणि मोठी फौज हे चित्र विदर्भात जिथे सर्वांत ठळकपणे उमटले ती जागा तीच, आणि तिथे लहान शिबंदी इंग्रजांची होती. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी त्या दोन टेकड्यांवर कंपनीचे सुमारे चौदाशे लोक अप्पासाहेब भोसल्यांच्या अठरा हजारांच्या आसपास असलेल्या फौजेपुढे टिकले. त्यांची साडेतीनशेहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. जिंकणाऱ्यांनी तिथे किल्ला बांधला आणि आपल्या मेलेल्यांच्या कबरी राखल्या. आता तो किल्ला आपल्या सैन्याच्या ताब्यात असतो आणि सामान्य माणसाला वर्षातून २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी उघडतो. त्या दिवशी रांगा लागतात. त्या टेकडीवर लढून मेलेल्यांत मद्रासच्या पलटणींतले हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते, हे रांगेतल्या किती जणांना ठाऊक असते? आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूर शहरात अडकलेल्या अरब शिपायांनी, त्यांचा धनी आधीच शरण गेलेला असताना, २४ तारखेचा इंग्रजांचा हल्ला जुम्मा दरवाजाशी परतवला आणि कुटुंबे, हत्यारे व सामानासह सुखरूप जाऊ देण्याच्या अटीवरच ३० तारखेला शहर सोडले, ही गोष्ट तर नागपूरकरांच्याही कानावर नसते. त्यांनी कुठल्या राजासाठी लढायचे हा प्रश्नच शिल्लक नव्हता. आपली बायकापोरे जिवंत बाहेर पडावीत एवढ्यासाठी ते लढले, आणि त्या अर्थाने त्या वर्षी विदर्भात सर्वांत शहाणपणाने लढलेली शिबंदी तीच होती असे मी म्हणेन, मग कोणाला ते रुचो वा न रुचो.

बायकापोरांचा विषय निघाला म्हणून गाविलगडाच्या एका नाजूक बाजूविषयी बोलतो. किल्ला पडतो आहे असे दिसल्यावर बेनीसिंग आणि त्याच्या राजपुतांनी दरवाजाकडे मरायला जाण्यापूर्वी आपल्या घरातल्या स्त्रियांना मारण्याचा प्रयत्न केला, असे इंग्रजी इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. त्यात थोड्या मेल्या आणि बाकीच्या वाचल्या. या प्रसंगाचे आपण काय करणार? स्मारक झाले तर पहिली मागणी या ‘जोहारा’च्या शिल्पाची येईल, अशी मला भीती वाटते. माझा तिला विरोध आहे. ज्या स्त्रिया वाचल्या त्यांनी त्या दिवशी काय पाहिले, आणि पुढची वर्षे त्या कुणाच्या आधाराने जगल्या, हा विचार ज्या शिल्पात येत नाही ते त्यांचे स्मारक नव्हे. त्या वाचल्या, ही पाटीवर लिहिण्याची बाब आहे.

आता विरोधी मतांकडे येतो, आणि त्यांपैकी एक माझ्या घरातलेच आहे. माझे थोरले बंधू विचारतात की गावात आरोग्य केंद्राला डॉक्टर टिकत नाही, बोंडअळीने कापूस खाल्ला, आणि तू दोनशे वर्षांपूर्वीच्या पाटीसाठी कागद काळे करतोस? दादाचे म्हणणे टाळण्यासारखे नाही. मात्र किल्ल्यासाठी मी जे मागतो आहे त्याचा खर्च फार थोडा आहे, आणि त्याच डोंगरावर काचेचा स्कायवॉक उभारायचा म्हणून जो पैसा आणि जी वर्षे गेली, त्यांच्या शेजारी तो ठेवून पाहिला तर दादाने प्रश्न मला नव्हे, दुसरीकडे विचारायला हवा. दरीवर चालण्याची हौस असणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. ज्या पठारावरून तोफा आल्या त्याच पठारावर माणसे हजारोंनी येणार असतील, तर त्यांच्या पायाखाली काय आहे हे सांगणारी चार वाक्ये तिथे असावीत, एवढेच.

दुसरा आक्षेप जंगलाचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. किल्ला मेळघाटच्या वाघाच्या मुलखात आहे. तिथे रस्ते, दिवे, उपाहारगृहे, ध्वनिप्रकाशाचे खेळ असले काही आणू नये, असे मीही म्हणतो. खरे तर जंगलाने हा किल्ला जितका राखला तितका कोणत्याही योजनेने राखला नसता. गवताने झाकलेल्या तोफा अजून जागेवर आहेत त्या जंगलामुळेच. माझ्या मागणीत बांधकाम नाही. पडझड झालेल्या दरवाजांच्या कमानींना आधार द्यावा, तलावांतला गाळ काढून त्यांचे पाणी पुन्हा स्वच्छ करावे, म्हणजे प्राण्यांनाही ते उपयोगी पडेल, आणि तटांवरची झाडे मुळांनी दगड उकलण्याआधी काढावीत. चंद्रपुरात गोंडकालीन परकोटावरची झाडेझुडपे इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून महिनोन्‌महिने श्रमदान करून काढली आणि तो परकोट लोकांच्या नजरेत पुन्हा आला. हे काम मुंबई-दिल्लीहून कोणी येऊन केले नाही. तिथेही १८१८ च्या मे महिन्यात कर्नल अ‍ॅडम्सच्या तोफांपुढे गंगासिंग नावाचा किल्लेदार लढत मेला होता. परकोट साफ झाल्यावर त्याची गोष्ट विचारणारे लोक वाढले असतील, असे मी धरून चालतो.

फलकांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण कामाची खरी जागा ती आहे. संरक्षित स्मारकाला इजा पोहोचवणाऱ्याला किती शिक्षा होईल हे सांगणारे फलक सगळीकडे असतात. स्मारक कशासाठी संरक्षित आहे हे सांगणारे विरळाच. गाविलगडावर मला चार ठिकाणी फलक हवे आहेत. उत्तरेच्या पठारावर, जिथून तोफा दिसू लागल्या असतील तिथे. बाहेरच्या तटाच्या खिंडाराशी. दोन्ही कोटांमधल्या घळीपाशी, जिथून शिड्या चढल्या. आणि ज्या दरवाजाशी माणसे चेंगरली आणि कापली गेली तिथे. मजकूर मराठीत आणि कोरकूत असावा, कारण या डोंगरातली पहिली भाषा कोरकू आहे आणि तिच्यात सरकारी पाटी क्वचितच दिसते. इंग्रजी तिसरी आली तर हरकत नाही. मजकुरात ‘शूर’, ‘वीर’, ‘गद्दार’ हे शब्द नसावेत. तारीख, वाट, तोफ, भिंत, माणसे, एवढे पुरे. पाचवा फलक देवगावात, ज्यावर तहाची कलमे असतील आणि गाविलगड दोन दिवसांनी परत मिळाला हे लिहिलेले असेल. अडगाव आणि अंजनगाव सुर्जीच्या ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने आपापला फलक आपल्या खर्चाने लावावा. एका फलकाला जो पैसा लागतो तेवढा एका सत्कार समारंभाच्या मंडपाला जातो.

पुतळ्याची मागणी झालीच तर मी तिच्या विरोधात सही करीन. बेनीसिंग कसा दिसत होता हे कोणी लिहिलेले नाही, आणि पुतळा झाला की तो कोणत्या समाजाचा यावरून पहिल्याच महिन्यात बैठका सुरू होतील. ज्या किल्ल्याला वारस नाही म्हणून आपण त्याला विसरलो, त्याला वारसदार मिळवून देण्यापेक्षा तो बिनवारशाचा म्हणूनच सर्वांनी सांभाळावा, हे अधिक अवघड आहे आणि मला तेच हवे आहे.

राहता राहिला दिवस पाळण्याचा प्रश्न. १५ डिसेंबरला गडावर जाऊन, भाषणांशिवाय, उत्तरेच्या तटापासून दरवाजापर्यंत ज्या क्रमाने हल्ला झाला त्या क्रमाने चालत जावे आणि प्रत्येक ठिकाणी एखाद्या विद्यार्थ्याने तिथे काय घडले ते वाचून दाखवावे, अशी माझी कल्पना आहे. मी ती गावात दोन-चार जणांना बोलून दाखवली तेव्हा कल्पनेला कोणी हरकत घेतली नाही, तारखेला घेतली. त्या सुमारास कापसाची दुसरी वेचणी रंगात असते, संत्र्याचा आंबिया बहर उतरवून व्यापाऱ्याची गाडी दारात उभी असते, मजूर मिळत नाहीत आणि शाळेतली अर्धी मुले आईबरोबर वावरात असतात. ही हरकत मला मान्य आहे. म्हणून १५ डिसेंबरनंतरचा पहिला रविवार धरावा, परतवाड्याहून सकाळची पहिली एसटी गाठावी, भाकरी बांधून न्यावी आणि ऊन कलण्याआधी किल्ल्यातून बाहेर पडावे, कारण त्या डोंगरात डिसेंबरात अंधार लवकर होतो.